भंडाऱ्याचें पितळ आणि भंडाऱ्याचीं मुलें

गेल्या वैशाखांत आमच्या घरच्या वाटण्या झाल्या. वाटण्या म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें भांडण उभें राहील. पण आमच्याकडे तसें कांहींच घडलें नाहीं. उलट जो तो दुसऱ्यास "हें तुम्हीच न्या" असा आग्रह करीत होता, आणि खरी पंचाईत हीच होती. एक भाऊ पुण्यास, दुसरा हैदराबादेस, पुतणी बंगळुरास. प्रत्येकाचें बिऱ्हाड दोन-तीन खोल्यांचें आणि जमिनीपासून दहा-बारा मजले वर. माळ्यावरून चौघांनीं मिळून उतरविलेला पितळी हंडा अंगणांत ठेविला तेव्हां सारें कुटुंब त्याच्याभोंवतीं जमलें, त्याच्याशेजारीं उभें राहून सर्वांनीं छायाचित्रेंही काढून घेतलीं. पण त्यास घरीं नेण्यास कोणी पुढें होईना. हंड्याच्या गळ्यावर आमच्या आजीच्या वडिलांचें नांव व तिच्या लग्नाचा शक टोंचलेला आहे. आजीचें माहेर भंडाऱ्याचें. हा हंडा तिच्याबरोबर बैलगाडींतून वरठीच्या स्टेशनावर व तेथून आगगाडीनें नागपुरास आला, ही हकीकत आम्हीं लहानपणीं तिच्याच तोंडून पुष्कळदां ऐकिली होती.

शेवटीं धाकट्या वहिनी म्हणाल्या, "मोडींत देऊन टाका झालें." त्यांना आम्ही दोष देत नाहीं. १९७० च्या सुमारास आमच्या मातोश्रींनीं स्वतः घरांतलीं पितळेचीं पातेलीं, तांबे, वाट्या एकामागून एक मोडींत घालून स्टीलचीं भांडीं घेतलीं. कल्हईवाल्याची वाट पाहणें नको, चिंच लावून घासणें नको, कढी-सार कळकण्याची भीति नको, म्हणून त्या किती सुखावल्या होत्या तें आम्हांस चांगलें आठवतें. हंडा तेवढा जड म्हणून वांचला होता. आतां त्याचीही पाळी आली, तेव्हां मोडींतच द्यावयाचा तर ज्या गांवीं तो घडला तेथेंच द्यावा, अशी मनाची समजूत करून घेऊन आम्हीं तो मोटारींत घातला आणि साठेक किलोमीटरांवरील भंडारा गांठला.

दुकानदारानें हंड्याकडे पाहिलेंच नाहीं. त्यानें काट्याकडे पाहिलें. वजनाचा आंकडा सांगून तो लगेच त्यांतून जोडाची व मळाची घट वजा करूं लागला. हा हंडा येथलाच काय, असें आम्हीं विचारतांच त्यानें गल्लीच्या टोंकाशीं बसलेल्या एका वृद्ध कारागिराकडे बोट दाखविलें. त्या गृहस्थांनीं हंड्याच्या काठावरून अंगठा फिरविला, नांव वाचलें नाहीं, शक पाहिला नाहीं, आणि म्हणाले, "आमच्याच इकडचा हाये जी. माह्या हातचा नाही, आज्याच्या वेळचा असंल. काठ पाहा ना." असे हंडे आतां होतात काय, या आमच्या प्रश्नावर ते हंसले. "आता भांडं कोनी घेत नाही जी. वजन घेते."

"मुलाला हें काम शिकवलेंत कीं नाहीं?"

"शिकवलं ना. हात चांगला होता त्याचा. आता पुन्याले हाये, कंपनीत." मग थोडें थांबून ते म्हणाले, "इथं बसला असता त मुलगी कोन देल्ली असती?"

हंडा त्यांच्यापाशीं ठेवून आम्ही बाहेर आलों, पण हें शेवटलें वाक्य कांहीं आम्हांस सोडीना. आमच्या घरच्या वाटण्या आणि त्यांच्या घरची रिकामी झालेली पाटी, दोहोंचें मूळ एकच. मुलांना येथें काम नाहीं. आणि विशेष हें कीं, गेल्या दीडशें वर्षांत या जिल्ह्यावरून जेवढ्या मोठमोठ्या योजना गेल्या तेवढ्या फारच थोड्या जिल्ह्यांच्या वांट्यास आल्या असतील. नदींतून जहाजें आणण्याची योजना झाली, रेल्वे आली, खाणी निघाल्या, दारूगोळ्याचा कारखाना, मोटारींचा कारखाना, पोलादाचा कारखाना, प्रचंड धरण, सर्व झालें. मग काम कोठें गेलें?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या हंड्यांतच सांपडलें असें म्हटल्यास वाचक हंसतील. पण थोडा धीर धरावा.

गांवाचें नांव भाण्यावरून, म्हणजे पितळी थाळीवरून, पडलें असें भंडाऱ्यांत कोणीही सांगेल. छत्तीसगडांतील रतनपूर येथील बाराव्या शतकाच्या आरंभींच्या शिलालेखांत 'भाणारा' हें नांव येतें. म्हणजे नांव तरी नऊशें वर्षांचें आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, गांवच्या शिवारांत ना तांबें निघत होतें ना जस्त. दोन्ही बाहेरून यावयाचीं आणि घडलेलीं भांडीं बाहेर जावयाचीं. तरीसुद्धां गांव पिढ्यान्‌पिढ्या जगलें, तें या येण्याजाण्याच्या मधल्या कामावर.

हें मधलें काम कसें होतें तें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे. पितळ म्हणजे ढोबळ मानानें दोन हिस्से तांबें व एक हिस्सा जस्त. तांबें वितळण्यास १०८५ अंश उष्णता लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांवरच उकळून त्याची वाफ होते. दोन्ही एकदम मुशींत टाकून आंच दिली तर जस्त पांढरा धूर होऊन उडून जाईल व पदरीं बहुतेक तांबेंच पडेल. म्हणून तांबें आधीं वितळावयाचें, त्यावर कोळशाचें पांघरूण राखावयाचें, मग जस्त आंत बुडवून भराभर ढवळावयाचें, आणि ज्वाळेचा रंग पाहून ओतण्याची वेळ ठरवावयाची. उष्णता मोजण्याचें यंत्र नाहीं, तक्ता नाहीं. डोळा हेंच यंत्र. ओतलेली लगड ठोकून पत्रा होतो. हंड्याचा गळा वेगळा, पोट वेगळें, बूड वेगळें. त्यांच्या कडांना दांते पाडून ते एकमेकांत बसवावयाचे व वरून डाक द्यावयाची. आमच्या हंड्यास आंतून हात घातला तर हे दांते अजून बोटांस लागतात. मग मठारणें. अंगभर सारखे ठोके देत गेलें कीं मऊ धातु कठीण होते. ते चंद्राकार ठसे केवळ शोभेचे नव्हेत. त्यानंतर घासणें, चकाकी देणें, नांव टोंचणें. याखेरीज कोळसा पुरविणारा, मूस घडविणारा, मोड गोळा करणारा, बाजारोबाजार भांडीं नेणारा आणि वर्षांतून दोनदां येऊन कल्हई लावणारा. एका हंड्याच्या पाठीमागें एवढ्या चुली पेटत असत. 'पितळ उघडें पडणें' हा आपल्या भाषेंत निंदेचा शब्द झाला आहे खरा. पण पितळ उघडें करण्यावर एका सबंध गांवाचें पोट चालत असे.

पुढें अल्युमिनम आलें, मागून स्टील आलें, घरोघर नळ आला आणि घागरीस कोणी विचारीना. उत्तरेकडे मुरादाबादेनें परदेशीं पाठविण्याच्या शोभेच्या वस्तु हातीं धरल्या म्हणून तेथील भट्ट्या चालू राहिल्या. भंडाऱ्यानें हंडा, गुंड व घागर हींच धरून ठेविलीं. यांत कारागिरांचाही कांहीं दोष आहे. परंतु नवीन वस्तूसाठीं नवें गिऱ्हाईक शोधणें हें हातोडीवाल्याचें काम नव्हे. तें शिकल्यासवरलेल्यांचें काम, आणि आपण शिकलेसवरलेले त्या वेळीं नोकरीच्या अर्जावर सही करीत होतों.

आतां नदीकडे वळूं. वैनगंगा शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, भंडाऱ्याच्या पूर्वेनें वाहते, पवनीच्या जुन्या तटाजवळून पुढें जाऊन वर्धेस मिळते व तेथून तिचें नांव प्राणहिता होतें. पवनीस १९६९-७० मध्यें उत्खनन झालें, तेव्हां मोठ्या बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. दोन हजार वर्षांपूर्वीं नदीकाठीं येथें भरभराटीचें नगर होतें याबद्दल मग शंका उरली नाहीं. त्या नगराचा हेवा वाटावा असें एक स्वप्न इंग्रजी अमलांत या पाण्यास पडलें होतें. १८६१ ते १८६५ या सालांत अमेरिकेंत यादवी माजली, मँचेस्टरास कापूस मिळेना, आणि साहेबांची दृष्टि मध्यप्रांत-वऱ्हाडाकडे वळली. सर आर्थर कॉटन यांनीं गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथें १८५२ सालींच धरण पुरें केलें होतें. त्याच्या वर दुम्मगुडेम येथें व आणखी दोन खडकाळ टप्प्यांवर बांध आणि कालवे करून आगबोटी गोदावरी व प्राणहितेच्या वाटेनें थेट कापसाच्या मुलखापर्यंत आणाव्या, अशी ती योजना होती. ती तडीस गेली असती तर वैनगंगेच्या पाण्याचा पूर्व समुद्रावरील बंदराशीं दळणवळणाचा संबंध जडला असता. परंतु १८६७ सालीं मुंबईची रेल्वे नागपुरास पोंचली, आणि १८७१ सालीं नदीचें काम अर्धवट सोडून देण्यांत आलें.

बंदर गेलें, रेल्वे आली. नागपुराहून राजनांदगांवापर्यंतची छत्तीसगडची रेल्वे १८८२ पर्यंत तयार झाली. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें ती रुंद करून कलकत्त्याच्या बाजूस जोडली. गंमत अशी कीं रूळ भंडाऱ्यास आलेच नाहींत. ते दहाएक किलोमीटर उत्तरेकडून, वरठीवरून, निघून गेले. स्टेशनास नांव मात्र 'भंडारा रोड'. ज्या गांवाच्या नांवापुढें 'रोड' लागतें त्या गांवानें समजून असावें कीं गाडी त्याच्यासाठीं थांबत नसून रस्त्यासाठीं थांबते! रेल्वेनें तांदूळ बाहेर जाऊं लागला व गिरणीचें कापड आंत येऊं लागलें. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत १८७७ सालीं सुरू झाली होतीच. पवनी व भंडारा येथील कोष्ट्यांच्या मागांवर याचा काय परिणाम झाला तें निराळें सांगावयास नको.

यानंतरचा अध्याय मँगनीजचा, आणि आमच्या मतें सर्वांत बोधप्रद. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी प्रसिद्ध आहेत. पोलाद करतांना त्यांतील गंधक व प्राणवायु काढून टाकण्यास आणि त्यास चिवटपणा आणण्यास मँगनीज लागतें. म्हणून जगांत जेथें जेथें पोलादाच्या भट्ट्या पेटल्या तेथें तेथें मध्यप्रांताच्या या काळ्या दगडास मागणी आली. दगड फोडावयाचा, डोक्यावर वाहावयाचा, वाघिणींत भरावयाचा, कीं आपलें काम संपलें. एवढा माल समुद्रापर्यंत नेण्यास जवळचें बंदर हवें, म्हणून रायपूर-विजयानगरम रेल्वे बांधली गेली, आणि १९३३ सालीं विशाखापट्टणचें बंदर उघडण्यांत आलें. हें बंदर बांधण्याच्या कारणांत मध्यप्रांतांतील मँगनीज हें एक ठळक कारण होतें. म्हणजे वाचकहो, आमच्या मुलखाला बंदर मिळालें. तें मिळालें मात्र विशाखापट्टणास! तेथें धक्के झाले, जहाजदुरुस्ती आली, जहाज बांधण्याचा कारखाना आला, पुढें तेलशुद्धि आली, पोलादाचा कारखाना आला. दगड आमचा आणि वस्ती त्यांची. त्यांचा आम्हांस मत्सर नाहीं. त्यांनीं मधलें काम धरलें, आम्हीं टोंकाचें धरलें, इतकेंच.

स्वराज्य आल्यावर हा प्रकार थोडाबहुत बदलला. १९६२ सालीं जुन्या विलायती कंपनीकडील खाणी घेऊन सरकारी भागीदारीची मँगनीज कंपनी निघाली. डोंगरी बुजुर्गच्या खनिजांत बॅटरीस लागणाऱ्या मँगनीज डायॉक्साइडचा अंश चांगला, म्हणून त्याची शुद्ध भुकटी करण्याचा एक लहान कारखाना खाणीपाशींच उभारण्यांत आला. आपल्या हातांतील टॉर्चच्या सेलांत भंडाऱ्याचा दगड असण्याचा संभव आहे, ही गोष्ट आम्हीं घरांतील मुलांना सांगितली तेव्हां त्यांनीं सेल फोडून पाहिला. तुमसरजवळ माणेकनगर येथें मँगनीजपासून फेरोमँगनीज करण्याचा मोठा कारखानाही निघाला होता. नेमकें मधलें काम तें हेंच! पण ही भट्टी विजेवर चालते, खर्चाचा मोठा वांटा विजेचाच असतो, आणि तो न झेपल्यास भट्टी थंड होण्यास वेळ लागत नाहीं. कारखाना बंद पडला आणि वर्षानुवर्षें बंदच राहिला. तुमसरच्या बाजारांत त्याची गोष्ट अजून निघते, आणि निघाली कीं बोलणाऱ्याचा आवाज खालीं येतो.

चीनच्या आक्रमणानंतर, गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत, जवाहरनगर येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. त्यानें शेंकडों कुटुंबांस पक्की नोकरी, घर व शाळा दिली, हें उघड आहे. आमच्या नात्यांतील दोन घरें त्यावर उभीं राहिलीं. पण त्या नोकरीची किंमतही कधीं कधीं मोजावी लागते. २४ जानेवारी २०२५ रोजीं तेथें स्फोट होऊन निदान आठ कामगार प्राणांस मुकले. रोजगाराचे आंकडे मांडतांना ही ओळ कोणत्या रकान्यांत लिहावी हें आम्हांस कळत नाहीं.

१९८२ हें साल मात्र विचार करण्यासारखें आहे. त्या वर्षीं १८ जानेवारीस मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख माणसांचें काम थांबलें. त्यांतील बहुतेकांस तें पुन्हां मिळालें नाहीं. जें बंदर कापसावर वाढलें, ज्याच्या गोदींतून गांठी जात व येत, त्या मुंबईंत पुढें गिरण्यांच्या जागीं काचेचे मनोरे व दुकानांचे वाडे झाले. नोकऱ्या तेथें पुन्हां आल्या, नाहीं असें नाहीं. पण साचेवाल्याचा मुलगा त्या मनोऱ्यांत वर कारकून म्हणून चढला कीं खालीं दारावर पहारेकरी म्हणून उभा राहिला, हें लालबाग-परळच्या चाळींत जाऊन विचारावें. त्याच १९८२ सालीं भंडाऱ्याजवळ गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना निघाला. त्यांत मालमोटारींचे गिअरबॉक्स तयार होऊं लागले. आणि त्याच सुमारास शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत मलाजखंड येथें देशांतील सर्वांत मोठी तांब्याची खाण सुरू झाली. आमच्या पितळेच्या गांवापासून इतक्या जवळ तांबें निघावें, आणि त्या तांब्याची माती वितळविण्यासाठीं राजस्थानांत खेत्रीपर्यंत जावी! भंडाऱ्याच्या भट्ट्या त्याच दशकांत एकेक करून विझत होत्या. दोन हातांची गांठ कोणी घालून दिली नाहीं. ज्यांनीं ती घालावयाची त्यांना बहुधा हे दोन हात एकाच अंगाचे आहेत हें ठाऊकच नव्हतें.

वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना त्याच दशकाच्या अखेरीस उभा राहिला. मोटारींस लागणारें विशेष पोलाद तो करतो. म्हणजे एका जिल्ह्यांत मँगनीज आहे, विशेष पोलाद आहे आणि गिअरबॉक्स आहे. गृहिणीच्या भाषेंत सांगावयाचें तर पीठ, गूळ व तूप एकाच फळीवर आहे. पण लाडू वळणारे हात कोठें आहेत? पोलादाच्या कांबीचा गिअर होईपर्यंत तिला तापविणें, ठोकणें, कातणें, कडक करणें, मोजणें अशीं कामें करावीं लागतात, आणि हीं सर्व कामें दहा-वीस माणसांच्या लहान कारखान्यांत होऊं शकतात. पुण्या-पिंपरीकडे तीं तशीं झालीं, म्हणूनच त्या म्हाताऱ्या कारागिरांचा मुलगा तिकडे गेला. तो तेथें काय करतो म्हणून आम्हीं मुद्दाम विचारलें. तो धातूच्या सुट्या भागांना चकाकी देतो. भंडाऱ्यांत तो हेंच करीत होता!

योजना करणारांचा अनुभव मात्र निराळाच आहे. २०१३ सालीं साकोली तालुक्यांतील मुंडीपार येथें भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्याचा शिलान्यास मोठ्या थाटानें झाला. शेतकऱ्यांची जमीन गेली. कारखाना कांहीं आला नाहीं. जमीन असतांना मूठभर धान तरी होत होतें. गोसीखुर्द धरणाचेंही उदाहरण घ्या. २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधींच्या हस्तें पवनीजवळ त्याचें भूमिपूजन झालें. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो वाढतां वाढतां अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. पाण्याखालीं गांवें गेलीं, माणसें उठलीं, आणि कालव्यांचें पाणी कितीएक शेतांच्या बांधापर्यंत येतां येतां एक पिढी सरली. पाणी आलें तेथें लाभ झाला, हें मान्य केलेंच पाहिजे. आतां त्या जलाशयावर सहलीच्या बोटी चालवून लोकांस काम द्यावें अशी योजना पुढें आली आहे. दीडशें वर्षांपूर्वीं ज्या पाण्यानें समुद्रापर्यंत जाणाऱ्या आगबोटींचें स्वप्न पाहिलें त्यावर सहलीची नाव फिरेल. फिरूं द्या, चार मुलांना नाव हांकण्याचें काम मिळालें तरी आमचें दुःख नाहीं. पण याला जिल्ह्याचा उद्योग म्हणूं नये.

येथें एक शंका कोणी काढील, कीं मधलें काम म्हणजे सगळें चांगलेंच काय? मुळींच नाहीं. तेंदूचीं पानें एप्रिल-मे महिन्यांत जंगलांतून तोडून आणून त्यांच्या बिड्या वळण्याचें काम या पट्ट्यांत घरोघर चाललें; बायकांनीं सूप मांडीवर घेऊन, लेंकरूं शेजारीं निजवून, हजाराच्या हिशेबानें बिड्या वळल्या. १९६६ चा कायदा झाला तरी घरीं बसून वळणारीच्या पदरांत मजुरी पुरती पडेलच असें नव्हतें. आणि तंबाखूची धूळ तर रोज छातींत जावयाची. हें काम कमी होतें म्हणून आम्ही अश्रु ढाळणार नाहीं. मात्र ज्या बाईच्या हातची ही मिळकत गेली तिला दुसरें काय दिलें, असें विचारण्याचा हक्क आम्हांस आहे.

दिलें असतें तर देण्याजोगें पुष्कळ आहे. मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवास कोशाच्या करवती साड्या विणल्या जातात. करवतीच्या दांत्यांसारखा काठ, आणि तो विणतांना काठाच्या व पोटाच्या रंगांची गांठ प्रत्येक फेरीस हातानें घालावी लागते. या साडीस आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि भंडाऱ्याच्या सुवासिक चिन्नोर तांदळासही मिळालें आहे. मानांकन म्हणजे नांवाचें रक्षण. गिऱ्हाईक तें आणून देत नाहीं. तें गिऱ्हाईक आपण आहों. आपल्या घरांत लग्न निघालें कीं पैठणी येते, कांजीवरम येते. साठ किलोमीटरांवरची करवती आमच्या बायकांना आम्हीं या वर्षापर्यंत दाखविली नव्हती. तांदूळ घेतांना आम्ही आंबेमोहोर मागतों, बासमती मागतों, आणि चिन्नोर दुकानदाराच्या मागल्या पोत्यांत पडून राहतो. सरकारास बोल लावणें सोपें, पण घरच्या खर्चाची वही काढून पाहिली तर तींतही जिल्ह्याचें नांव शोधावें लागतें.

आणि मुलगी कोण देईल, हाही प्रश्न त्या कारागिरांच्या घरापुरता नाहीं. आमच्याकडे स्थळें येतात तेव्हां पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा गांवाचा. भंडाऱ्यास स्वतःचा कारखाना काढून दहा माणसें पोसणारा तरुण आणि पुण्यास कोणा दहा हजारांतला एक होऊन बसलेला तरुण, यांत वधूपक्ष कोणास पसंत करील तें आम्हांस विचारूं नये. आम्हीं स्वतः दोनदां वधूपक्षीं बसून दुसऱ्यास पसंत केलें आहे. आज त्या दोन्ही मुली वर्षांतून एकदां, दिवाळीस, चार दिवस येतात.

भंडाऱ्याहून परत निघण्यापूर्वीं आम्ही पुन्हां त्या गल्लींत गेलों. हंडा उपडा घालून ते गृहस्थ त्याच्या बुडाशीं कान लावून ठोके देत होते. बूड एका बाजूस झिजलें आहे, जोड सुटूं पाहत आहे, डाक नवी द्यावी लागेल, असें त्यांनीं सांगितलें. मोडींत देण्याचा विचार आम्ही कसा सोडला हें त्यांनीं विचारलें नाहीं व आम्हींही सांगितलें नाहीं. दरम्यान बंगळुराहून पुतणीचा निरोप आला होता, कीं हंडा ती नेईल. दिवाणखान्यांत दाराशीं ठेवून त्यांत छत्र्या ठेवील. आजीस हें कसें वाटलें असतें कोण जाणे. पण मोडींत जाण्यापेक्षां छत्र्या बऱ्या.

"केव्हां न्यावयास येऊं?" आम्हीं विचारलें.

"एका हंड्यासाठी भट्टी पेटवाले परवडत नाही जी," ते म्हणाले. "आनखी दोन-चार कामं आली, का मंग फोन करतो."

या गोष्टीस आतां तीन महिने होत आले. हंडा अजून भंडाऱ्यासच आहे.